जुन्या जीपला दुसरे इंजिन : हिशोब आधी, पाना नंतर

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील दळणवळणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यात जीपगाडीला मानाचे स्थान द्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत तयार झालेली ही गाडी १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली आणि पुढे परवान्याखाली येथेच बनू लागली. तहसीलदारांचा दौरा असो, लसीकरणाचे पथक असो किंवा निवडणुकीच्या मतपेट्या दुर्गम पाड्यावर पोहोचवावयाच्या असोत, जेथे डांबरी रस्ता संपे तेथून पुढे जीपचे काम सुरू होई.

या जीपगाड्या आरंभी पेट्रोलवर चालत. १९७३ मध्ये जगभर खनिज तेलाच्या किमती भडकल्या, १९७९ मध्ये त्या पुन्हा वाढल्या आणि पेट्रोल जीप पोसणे अनेक मालकांना जड जाऊ लागले. त्या काळात पेट्रोल जीपमध्ये, तसेच अँबॅसडर मोटारीत, डिझेल इंजिन बसवून देण्याची कामे ठिकठिकाणच्या गॅरेजमध्ये होऊ लागली. त्यांतील काही गाड्या पुढे वर्षानुवर्षे चांगल्या चालल्या. काहींच्या गिअरपेट्या मात्र वरचेवर फुटू लागल्या, काही चढावर तापू लागल्या, तर काहींचे ब्रेक वाढलेल्या वजनाला अपुरे पडू लागले. कारागिरी सारख्याच तोडीची असूनही हा फरक का पडला, याचे उत्तर बहुधा नियोजनात सापडते.

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसविण्याची किंवा दोन चाकांना जोर असलेली गाडी चारही चाकांच्या जोराची करण्याची इच्छा आजही अनेकांना होते. जुन्या जीपवर जीव असलेले शेतकरी आहेत, हौशी मालक आहेत, तसेच मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकविणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक आहेत. अशा कामात यंत्रशास्त्राचा भाग कोणता, खर्चाचा कोणता आणि कायद्याचा कोणता, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

पहिला प्रश्न : बदल कशासाठी?

इंजिन बदलण्याची कारणे स्थूलमानाने तीन असतात. पहिले कारण म्हणजे जुने इंजिन झिजलेले असणे. दुसरे इंधनाच्या खर्चात बचत करणे आणि तिसरे अधिक शक्ती मिळविणे. या तिन्ही कारणांसाठी करावयाचे उपाय वेगवेगळे असतात, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही.

इंजिन धूर सोडते, तेल खाते आणि चढावर दम टाकते, एवढ्यावरून ते निकामी झाले असे ठरत नाही. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून पाहिल्यास दोष कोठे आहे याचा अंदाज येतो. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती यांत असण्याचा संभव अधिक. दाब वाढला नाही, तर व्हॉल्व्हकडे लक्ष द्यावे लागते. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, क्रँकशाफ्ट घासून बेअरिंगे बदलणे आणि व्हॉल्व्हच्या बैठका नव्याने बसविणे या कामांनी जुने इंजिन पुन्हा उभे राहू शकते. अशा दुरुस्तीत गाडीच्या इतर कोणत्याही भागाला धक्का लागत नाही आणि नोंदणीच्या कागदावरील तपशीलही बदलत नाही. सुटे भाग मिळत असतील, तर या मार्गाचा विचार सर्वांत आधी व्हावा.

इंधनाची बचत हा हेतू असल्यास गाडी वर्षाकाठी किती किलोमीटर चालते, हे प्रथम लिहून काढावे. जी गाडी महिन्यातून चार वेळा शेतावर जाते, तिच्या बाबतीत इंजिन बदलण्याचा खर्च इंधनाच्या बचतीतून भरून निघण्यास फार मोठा काळ लागतो. रोज चालणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा असतो.

अश्वशक्ती आणि टॉर्क

इंजिनाची निवड करताना लोक प्रथम अश्वशक्तीचा आकडा विचारतात. परंतु गाडी ओढण्याच्या दृष्टीने आणखी एक आकडा तितकाच महत्त्वाचा असतो, तो टॉर्कचा. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला पीळ देण्याचा जोर. विहिरीवरील रहाटाचा दांडा फिरविताना हाताचा जो जोर लागतो तो टॉर्क, आणि तो जोर लावून मिनिटाला किती फेरे मारले यावरून शक्ती ठरते. टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले आणि ७१६ ने भागले, की अश्वशक्ती मिळते.

समजा, दोन इंजिने प्रत्येकी ६० अश्वशक्तीची आहेत. पहिले ही शक्ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर देते आणि दुसरे ३,००० फेऱ्यांवर. वरील रीतीने हिशोब केल्यास त्या क्षणी पहिल्याचा टॉर्क सुमारे १०.७ किलोग्रॅम-मीटर, तर दुसऱ्याचा सुमारे १४.३ किलोग्रॅम-मीटर येतो. शक्ती समान असूनही दुसऱ्या इंजिनाचा पीळ एक-तृतीयांशाने अधिक आहे. डिझेल इंजिने सामान्यतः या दुसऱ्या प्रकारची असतात. चिखलातून किंवा चढावर हळू चालताना त्यांची ओढ चांगली असते, पण त्यांचे फेरे मात्र मर्यादित असतात.

हा वाढीव पीळ क्लच, गिअरपेटी आणि चाकांचे आस यांतूनच पुढे जावयाचा असतो. सी.जे. ३ बी या जुन्या जीपचे २,१९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर टॉर्क देत असे. पहिल्या गिअरमध्ये तो २.८ पट, ट्रान्स्फर गिअरपेटीच्या हळू पट्ट्यात २.४६ पट आणि मागील-पुढील आसांच्या क्राऊन-पिनियनमध्ये ५.३८ पट होतो, असे धरले तर घर्षणातील तूट वगळता चाकांच्या वाट्याला एकूण ५८० किलोग्रॅम-मीटरहून अधिक पीळ येतो. त्या जागी २० किलोग्रॅम-मीटरचे इंजिन बसविल्यास हाच आकडा ७४० च्या घरात जातो. आसाचे शाफ्ट आणि गिअरचे दात मात्र पहिल्याच आकड्यासाठी घडविलेले असतात. मोकळ्या मातीवर चाके घसरतात व जादा पीळ निघून जातो. खडकात एखादे चाक अडकले, की तोच पीळ शाफ्ट तोडतो. नवे इंजिन उत्तम असूनही जुनी गिअरपेटी वरचेवर का फुटते, याचे रहस्य या साध्या गुणाकारात आहे.

वेगाचे गणित

दुसरा हिशोब वेगाचा. चाकाचा घेर मीटरमध्ये घ्यावा, त्याला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी व ६० ने गुणावे, मग गिअर आणि आस यांच्या प्रमाणांनी व १,००० ने भागावे. आलेले उत्तर हा ताशी किलोमीटरमधील वेग होय.

जीपच्या चाकाचा घेर २.२ मीटर, आसाचे प्रमाण ५.३८ ला १ आणि सर्वांत वरचा गिअर सरळ म्हणजे १ ला १ असे धरू. पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर असताना गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर येतो. त्या जागी ३,००० फेऱ्यांची मर्यादा असलेले डिझेल इंजिन बसविले, तर तीच गाडी ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास थांबते. चालकाला वाटते, इंजिन कमकुवत आहे. प्रत्यक्षात इंजिनाचा दोष नसतो, आसाचे प्रमाण त्याला जुळणारे नसते.

हे प्रमाण ४.२७ ला १ केले, तर ३,००० फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे ९३ किलोमीटर होतो. मात्र त्याच वेळी प्रत्येक गिअरमधील ओढ सुमारे एक-पंचमांशाने घटते. घाटात किंवा नांगरलेल्या रानात चालावयाच्या गाडीला ही घट परवडते का, हे मालकाने ठरवावयाचे असते. वेग आणि ओढ यांपैकी एक वाढविले की दुसरे कमी होते. म्हणून गाडीचे मुख्य काम कोणते, हे कागदावर स्पष्ट लिहिल्याखेरीज इंजिनाची निवड करू नये.

जागा, वजन आणि जोडणी

बॉनेट उघडून इंजिन मावते की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. चारही चाकांना जोर असलेल्या जीपमध्ये पुढील आसाचा फुगीर भाग इंजिनाच्या खालीच असतो. गाडी खड्ड्यात आदळल्यावर पाटे दबतात व हा आस वर येतो. त्या वेळी इंजिनाच्या तेलाच्या टाकीला त्याचा धक्का लागता कामा नये. पंखा आणि रेडिएटर यांतील अंतर, स्टीअरिंगच्या दांड्याची वाट, सायलेन्सरच्या नळीपासून ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांचे अंतर या गोष्टीही मोजून घ्याव्या लागतात.

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनात हे दाबाचे प्रमाण सातास एकच्या आसपास असे, तर त्या पिढीच्या लहान डिझेल इंजिनांत ते वीसास एकच्या जवळपास जाई. एवढा दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिनाचा सांगाडा जड करावा लागतो. त्याचे हादरेही अधिक असतात. जुन्या रबरी बैठकांवर ते तसेच बसविले, तर काही महिन्यांत बैठका फाटतात आणि चासीच्या वेल्डिंगला चिरा पडतात. पुढील पाट्यांवरील भार वाढल्याने गाडीचे नाक खाली झुकते, स्टीअरिंग जड होते आणि पुढील चाकांचे टायर एका बाजूने झिजतात.

सर्वांत नाजूक काम असते ते इंजिन आणि गिअरपेटी यांच्या जोडणीचे. दोन्ही वेगवेगळ्या बनावटीची असल्यास मध्ये जाड धातूची जोडपट्टी तयार करावी लागते. क्रँकशाफ्ट आणि गिअरपेटीचा शाफ्ट यांचे मध्य तंतोतंत एका रेषेत आले पाहिजेत. हे काम लेथवर व मोजमापाच्या साधनांनी करावयाचे असून नजरेच्या अंदाजाने करावयाचे नाही. मध्य थोडासा जरी हुकला, तरी क्लच धडधडतो, बेअरिंग आवाज करू लागते आणि गिअरपेटीतील तेलाचे सील गळू लागते.

कारखान्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईत १९८५ पासून निघालेल्या प्रीमिअर ११८ एन.ई. या मोटारीचा सांगाडा फियाटच्या १२४ या मोटारीवर आधारलेला होता, पण तिच्यात निस्सानचे १,१७१ घन सेंटिमीटरचे इंजिन बसविण्यात आले आणि त्यासोबत गिअरपेटीही निस्सानचीच घेण्यात आली. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा तिच्यात अँबॅसडरचे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. त्या जड गाडीला ते अपुरे पडे. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले व त्यासोबत पाच गतींची गिअरपेटीही आली. इंजिन आणि गिअरपेटी ही जोडी आहे, ती शक्यतो जोडीनेच घ्यावी, असा धडा या उदाहरणांतून मिळतो.

न दिसणारी कामे

इंजिन जाग्यावर बसले, की काम संपले असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक अर्धे काम तेथून पुढे असते.

इंधन जाळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी मोठा हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो. शक्ती वाढली की ही उष्णताही वाढते. जुना रेडिएटर सपाटीवर पुरा पडला, तरी मे महिन्यात घाट चढताना तो कमी पडू शकतो. तेथे हळू गतीमुळे समोरून वारा मिळत नाही आणि सारा भार पंख्यावर येतो. म्हणून चाचणी सपाट रस्त्यावर न घेता पूर्ण भार भरून चढावर घ्यावी.

विजेची व्यवस्थाही तपासावी लागते. फार जुन्या जीपगाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे. डिझेल इंजिनातील दाबलेल्या हवेविरुद्ध क्रँक फिरविण्यास मोठा स्टार्टर लागतो आणि त्यास जोरकस बॅटरी, जाड तारा व चासीशी पक्की अर्थ जोडणी लागते. इंधनाच्या बाबतीत डिझेलमधील पाणी वेगळे करणारी गाळणी आणि पंपाकडून उरलेले डिझेल टाकीकडे नेणारी परतीची नळी आवश्यक असते.

ब्रेकचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचा संबंध प्रवाशांच्या जिवाशी आहे. ज्या पेट्रोल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर असतो, तेथे तो इंजिनात हवा शिरण्याच्या मार्गातील निर्वातावर चालतो. डिझेल इंजिनात असा निर्वात मिळत नाही, म्हणून निर्वाताचा स्वतंत्र पंप बसवावा लागतो. हा पंप विसरला गेला, तर ब्रेकचे पेडल अचानक दगडासारखे कठीण होते.

शिवाय धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने धावणारी तीच गाडी थांबविताना ब्रेकना सुमारे पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. गाडीचा वेग वाढविणाऱ्याने ब्रेकही त्या मानाने वाढविले पाहिजेत. प्रथम ब्रेक, स्टीअरिंग आणि पाटे सुधारावेत आणि मगच शक्तीला हात घालावा, हा क्रम जाणते कारागीर पाळतात.

चारही चाकांना जोर

साध्या गाडीला चारही चाकांचा जोर देणे हे इंजिन बदलण्यापेक्षाही मोठे काम आहे. त्यासाठी गिअरपेटीच्या मागे ट्रान्स्फर गिअरपेटी हवी, पुढे प्रोपेलर शाफ्ट हवा आणि पुढील चाके वळत असतानाच त्यांना फिरविणारा वेगळ्या बांधणीचा आस हवा. पुढील आसाचे व मागील आसाचे गिअर प्रमाण एकच असले पाहिजे आणि चारही टायर एकाच मापाचे व जवळपास सारख्या झिजेचे असले पाहिजेत. तसे नसेल, तर पुढचा व मागचा आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात.

जुन्या जीपमध्ये दोन आसांच्या मध्ये गतीचा फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. वळण घेताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. मातीत किंवा चिखलात हा फरक चाके घसरून भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो भरून निघत नाही आणि सारा ताण शाफ्ट व गिअर यांवर साठत जातो. म्हणूनच अशा गाडीत चारही चाकांचा जोर फक्त मोकळ्या, निसरड्या जमिनीवरच वापरावा, असा नियम आहे. सरकारी व खाजगी चालकांपैकी ज्यांना हा नियम माहीत नसतो, त्यांच्या हातून उत्तम गाड्याही नादुरुस्त होतात.

या सर्व भागांची किंमत, चासीवर करावे लागणारे कापकाम आणि स्टीअरिंगची बदललेली रचना यांचा विचार केल्यास, ज्याला अशा गाडीची खरोखर गरज आहे त्याने कारखान्यातून तशीच तयार झालेली गाडी घ्यावी, हेच बहुतेक वेळा किफायतशीर आणि सुरक्षित ठरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. वाहनातील बदलांविषयीची तरतूद त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. २००० मध्ये या कलमात दुरुस्ती झाल्यानंतर, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयाने या तरतुदीचा हाच अर्थ पक्का झाला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की १९७० व १९८० च्या दशकांत ज्या सहजतेने पेट्रोल जीपमध्ये कोणतेही डिझेल इंजिन बसविले जात असे, तो मार्ग आज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोकळा नाही. निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन घालावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी अर्ज करून मान्यता घ्यावी आणि नंतर नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा. गाडी भाडेखरेदीवर असेल, तर संबंधितांची लेखी संमती लागते. विकत घेतलेल्या इंजिनाची पावती, ते ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे व क्रमांक तपासून घेणे हे मालकाच्या हिताचे आहे. चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत पदरी पडल्यास होणारा मनस्ताप मोठा असतो.

इंधन बदलण्यासाठी मात्र कायद्याने वाट ठेवली आहे. नैसर्गिक वायू, द्रवरूप पेट्रोलियम वायू किंवा बॅटरी यांवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविता येतात. असे संच पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेत तपासले गेलेले असतात आणि कोणता संच कोणत्या गाडीसाठी मान्य आहे, हेही ठरलेले असते. नैसर्गिक वायूच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट होय. एवढ्या दाबाचे पात्र गाडीत बाळगावयाचे, तर टाकी, झडप व जोडणी यांबाबत तडजोड चालत नाही. संच बसविल्यानंतर त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घेणे आणि टाकीची ठरलेल्या मुदतीने तपासणी करून घेणे बंधनकारक आहे.

नोंद न झालेल्या बदलाचा सर्वांत मोठा फटका अपघाताच्या वेळी बसतो. विमा ज्या वर्णनाच्या गाडीचा उतरविलेला असतो, त्या वर्णनाशी प्रत्यक्ष गाडी जुळत नसेल, तर दावा वादात सापडण्याचा संभव असतो. अशा वेळी जखमी प्रवाशाचे कुटुंब आणि गाडीचा मालक असे दोघेही अडचणीत येतात.

सरकारी आणि पंचायतींची वाहने

पंचायत सदस्य आणि कार्यालयप्रमुख यांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू राहू शकत नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने तेवढी यातून वगळली आहेत. मुदत संपलेली वाहने नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्राकडेच द्यावयाची असतात.

म्हणून चौदा वर्षांच्या जीपला नवे इंजिन घालण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला, तर इंजिनाच्या किमतीआधी नोंदणीची उरलेली मुदत पाहावी. एका वर्षात मोडीत जाणाऱ्या गाडीवर मोठा खर्च करणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. खाजगी मालकाच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. त्याच्यासाठी हिशोब वेगळा आहे. तपासणी, पर्यावरण कर आणि धुराचे प्रमाणपत्र यांचा खर्च मात्र त्यानेही धरला पाहिजे.

कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा एक सोपा क्रम सांगता येईल. प्रथम गाडीचे काम आणि बदलाचा हेतू लिहून काढावा. नंतर जुन्या इंजिनाची तपासणी करून दुरुस्तीचा खर्च काढावा. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन कोणता बदल मान्य होईल, हे लेखी अर्जाने विचारून घ्यावे. मान्यता मिळण्यापूर्वी इंजिन किंवा संच विकत घेऊ नये. मान्यता मिळाल्यावर टॉर्क, वेग, वजन व जागा यांचा हिशोब मांडावा. अंदाजपत्रकात इंजिनाच्या किमतीखेरीज बैठका, क्लच, रेडिएटर, नळ्या, तारा, सायलेन्सर, ब्रेक, लेथची मजुरी, शुल्क आणि चाचणीचे इंधन या बाबी वेगवेगळ्या दाखवाव्यात व अनपेक्षित खर्चासाठी राखीव रक्कम ठेवावी. अनेक अर्धवट गाड्या गोठ्याशेजारी गंजत पडलेल्या दिसतात. त्यांचे मालक इंजिनाचे पैसे आणू शकले होते, उरलेल्या बाबींचे पैसे त्यांनी धरलेच नव्हते.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत, वेल्डिंगच्या जागा तपासाव्यात, नळ्या कोठे घासत आहेत का ते पाहावे आणि ब्रेकची चाचणी भारासह घ्यावी.

शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. रस्त्यावर न आणावयाची एखादी जुनी गाडी प्रशिक्षण संस्थेच्या शेडमध्ये उघडून ठेवली, तर विद्यार्थ्यांना गुणाकार, भागाकार, प्रमाण आणि वर्ग यांचा अर्थ हाताने अनुभवता येतो. आसाचे दात मोजून प्रमाण काढणारा, चाकाचा घेर मोजून वेग सांगणारा विद्यार्थी पुढे गॅरेजमध्ये उभा राहिला, की गिऱ्हाइकाला केवळ “बसवून देतो” असे न सांगता, “बसवावे की नाही ते आधी पाहू” असे सांगेल. ग्रामीण भागातील रस्ते वाढत आहेत, वाहने वाढत आहेत आणि त्यांतून रोज शाळेत, बाजारात व दवाखान्यात जाणारी माणसेही वाढत आहेत. त्यांची सुरक्षितता अशा जाणत्या कारागिरांवर आणि आपल्या गाडीचा कागद व काटा दोन्ही तपासून पाहणाऱ्या मालकांवर अवलंबून आहे.